कुंडीतलं विष, घरातलं कुत्रं

महामार्गाच्या दुभाजकावर कण्हेर मुद्दाम लावतात. पाणी कमी लागतं, धुरात तग धरते आणि मोकाट गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. कुत्र्याच्या पिल्लाला एवढी पारख नसते. दात येऊ लागले की ते चपला चावतं, टेबलाचा पाय चावतं, तसंच कुंडीतलं रोपही चावतं.

कण्हेरीच्या पाना-फुलांत, सालीत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात. पान वाळलं तरी विष जात नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या अंगणात ठेवू नका, आणि कुत्र्याशी खेळताना कण्हेरीची काठी फेकू नका. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आणि गच्चीवर हल्ली दिसणारं अ‍ॅडेनियम ही याच कुळातली.

सर्वांत फसवं झाड म्हणजे सायकस. नर्सरीत त्याला सागो पाम म्हणतात, पण ते ताडामाडाच्या जातीचं नाही. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बी सर्वांत जहाल. एक-दोन बिया कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आधी उलट्या होतात, मग कुत्रं सावरल्यासारखं वाटतं, आणि दोन-तीन दिवसांत यकृत निकामी होऊ लागतं. तेव्हा उलटी थांबली म्हणून निर्धास्त राहू नका.

मनी प्लांट आणि डिफेनबेकिया यांचा धोका त्यामानाने कमी. त्यांच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात. ते तोंडात टोचतात, लाळ गळते, जीभ सुजते. तोंड पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना फोन करा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट दवाखाना गाठा.

कण्हेर किंवा सायकस खाल्ल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. त्या मिठानेच विषबाधा होऊ शकते. चावलेली फांदी पिशवीत घाला, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवा आणि निघा. झाड कोणतं ते कळलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

बाग मोडायची गरज नाही. गुलाब, अरेका पाम, स्पायडर प्लांट कुत्र्यांना विषारी नाहीत. रोप घेताना ऊन-पाण्याची चौकशी आपण करतोच. घरात कुत्रं असेल, तर झाडाचं नेमकं नाव विचारा आणि ते चालेल का, हे आपल्या पशुवैद्यांकडून समजल्यावरच पैसे द्या.