मधल्या घराचे उत्पन्न



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की मोर्चाचे भाषण होणार, अशी आपली समजूत असते. मी आज हिशेब मांडणार आहे. माझी शाळा लवकर सुटली. अंकगणित मी शिकलो ते महागाई भत्त्याच्या वाटाघाटींत. पगार वाढला म्हणजे माणूस सुधारला का, हा तिथला नित्याचा प्रश्न. तोच प्रश्न आज अमेरिकेतल्या एका ग्रामीण मुलुखाला विचारून पाहू.

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मॅकडॉवेल नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. वस्ती मात्र आपल्या एखाद्या तालुक्याहूनही कमी. डोंगराळ प्रदेश, पोटात दगडी कोळसा. १९५० साली तेथे जवळजवळ ९९ हजार माणसे होती. २००० साली २७,३२९ उरली, २०१० साली २२,११३ आणि २०२० साली १९,१११.

आता उत्पन्न मोजायचे कसे? समजा, एका गल्लीत पाच घरे आहेत. वर्षाची कमाई अनुक्रमे ८, १२, १६, २२ आणि ६० हजार. सरासरी काढली तर साडेतेवीस हजारांच्या वर जाते, पण पाचांपैकी चार घरांना ती कधी दिसलेली नाही. म्हणून घरे उतरंडीने मांडून मधले घर पाहतात. ते १६ हजारांचे. यालाच मध्यक म्हणतात.

२००० च्या खानेसुमारीत मॅकडॉवेलच्या मधल्या घराचे १९९९ सालचे उत्पन्न १६,९३१ डॉलर भरले. २००६ ते २०१० या पाच वर्षांच्या पाहणीत तोच आकडा २२,१५४ डॉलर आला. वाढ शेकडा ३१. एखादा मंत्री यावर टाळ्या घेईल! पण याच काळात अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक १६६.६ वरून २१८.१ वर गेला. १९९९ चे १६,९३१ डॉलर २०१० च्या भावाने मांडले तर सुमारे २२,१६० होतात. म्हणजे डॉलर वाढले, पण बाजाराच्या पिशवीत एक जिन्नसही जास्त पडला नाही.

निर्देशांकाची ही लढाई आपल्याला परकी नाही. मुंबईचा निर्देशांक खरी महागाई दाखवीत नाही, अशी कामगारांची तक्रार होती. १९६३ साली लकडावाला समिती नेमावी लागली आणि आकडा दुरुस्त करावा लागला.

आणखी मागे जायचे तर अडचण वाढते. अमेरिकेच्या खानेसुमारीने मजुरीची विचारपूस प्रथम १९४० साली केली, सर्व उत्पन्नाची १९५० साली. पण जुने तक्ते नात्याने बांधलेल्या कुटुंबाचे आकडे देतात. नवे देतात एका छपराखाली राहणाऱ्या घराचे. एकटी राहणारी विधवा नव्या हिशेबात घर आहे, जुन्या हिशेबात कुटुंब नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाढ-घट सांगणे म्हणजे मापटे बदलून धान्य मोजणे.

२००० नंतर खानेसुमारीतली उत्पन्नाची लांब प्रश्नावली बंद झाली. आता दरवर्षी थोड्या घरांचा नमुना घेतात. पासष्ट हजारांहून लहान काउंटीत एका वर्षाचा नमुना अपुरा पडतो, म्हणून पाच वर्षांची उत्तरे एकत्र करतात. खाण मधल्याच वर्षी बंद पडली तर तो धक्का पाचांत विरघळतो. शिवाय प्रत्येक आकड्यामागे अधिक-उणे असते. ते वर्तमानपत्रात क्वचितच छापले जाते. दरसालचा अंदाज हवा असेल तर कर-विवरणांची नि अन्नमदत घेणाऱ्यांची नोंद जोडून गणिताने काढतात. तोही अंदाजच.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते निराळेच. आपल्या गल्लीतले २२ हजारांचे घर कामासाठी परगावी गेले, तर मध्यक १६ वरून १४ वर येतो. ते राहिले आणि ८ हजारांचे गेले, तर मध्यक १९ वर चढतो. दोन्ही वेळा उरलेल्या कोणाच्याही खिशात पैभरही फरक नाही! मॅकडॉवेलमधून त्या दशकातच जवळजवळ पंचमांश वस्ती घटली. कोणत्या पायरीवरची घरे गेली, हे मध्यक सांगत नाही.

हे आम्हां संघटनावाल्यांना लवकर कळायला हवे. जॉन लुईस यांच्या खाणकामगार संघटनेने १९५० च्या करारात यंत्रांना वाट दिली आणि बदल्यात बरे वेतन व निवृत्ती-औषधोपचाराचा निधी पक्का केला. मी त्यांना दोष देत नाही. मात्र वेतनाचा आकडा चढत होता, तेव्हा ते वेतन घेणारे हात घटत होते.

शेवटी उत्पन्न कशाला म्हणायचे, तेही पाहा. निवृत्तिवेतन त्यात धरतात. सरकारी अन्नकुपनांची किंमत धरत नाहीत. केनेडींच्या काळात ही कुपने पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिली खरेदी याच मॅकडॉवेल काउंटीतल्या वेल्च गावी २९ मे १९६१ रोजी झाली. त्या दिवशी घरात अन्नाचे डबे आले. मधल्या घराच्या उत्पन्नात त्यांची नोंद तेव्हा नव्हती, आजही नाही.