मिशाळ माशाच्या शोधांत

नदीकांठीं गळ टाकून तासन् तास बसलेला मनुष्य दिसला, म्हणजे त्याच्याइतका रिकामटेकडा दुसरा कोणी नसेल, असें पाहणाऱ्याला वाटतें. परंतु इंग्लंड देशांत या रिकामटेकडेपणाचें एक शास्त्र झालें आहे. त्याला ऋतु आहेत, कायदे आहेत, ग्रंथ आहेत, आणि दिवसाचें वेतन घेऊन तें शिकविणारे वाटाडेही आहेत. तेथील बार्बेल व चब हे दोन मासे आणि त्यांच्या मागावर नेणारा वाटाड्या, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हे दोन्ही मासे रोहू-कटल्याचे आप्त. लॅटिन भाषेंत ‘बार्बा’ म्हणजे दाढी; त्यावरून बार्बेल हें नांव पडलें. त्याच्या वरच्या ओठापाशीं चार मिशा असतात आणि तोंड खालच्या बाजूस वळलेलें असतें. वेगवान धारेच्या तळाशीं, रेतीखडींतून, मिशांनीं चांचपडत तो आपलें अन्न शोधतो. त्याचीं अंडीं मात्र विषारी. तीं खाणारास वांत्या व जुलाब होतात. चबचा स्वभाव निराळा. जाड ओठांचा, रुंद डोक्याचा हा मासा लवलेल्या झाडांच्या सावलींत राहतो आणि गोगलगाय, किडे, फळें, पाव, चीज, लहान मासे, कशालाही नाहीं म्हणत नाहीं. खादाड खरा, पण तितकाच भित्रा. कांठावर मनुष्याची सावली हलली कीं तो दिसेनासा होतो. आयझॅक वॉल्टननें १६५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या विख्यात ग्रंथांत या दोघांनाही स्थान दिलें आहे.

बार्बेल मूळचा इंग्लंडच्या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचा. हिमयुगांत समुद्र खालीं गेला होता, तेव्हां या नद्या युरोपांतील नद्यांशीं जोडलेल्या होत्या. त्या वाटेनें तो आला. पश्चिमेकडील सेव्हर्न नदींत तो १९५६ सालीं केनेट नदींतून आणून सोडण्यांत आला, आणि पुढें वाय नदींतही दिसूं लागला. नद्यांतील अशा माशांना विणीच्या काळांत विसांवा मिळावा म्हणून १५ मार्चपासून १५ जूनपर्यंत गळ टाकण्यास बंदी असते. या बंदीचें मूळ १८७८ च्या कायद्यांत आहे. म्हणून १६ जूनची पहांट तेथील गळवाल्यांना सणासारखी वाटते.

आतां वाय नदीच्या कांठीं, हेरफर्ड शहराच्या खालच्या अंगास, एक पाहुणा आला आहे अशी कल्पना करावी. आयुष्य कचेरींत गेलेलें. एक तरी बार्बेल हातीं लागावा ही त्याची जुनी हौस. तो येतांच काठी उचलतो, तोंच वाटाड्या ती खालीं ठेवावयास लावतो. “अगोदर नदी वाचा,” तो म्हणतो. पाण्याची चकाकी मारणारा चष्मा लावून दोघे कांठानें हळूहळू चालतात. पृष्ठभाग गुळगुळीत आहे तेथें तळ सपाट, उकळी फुटल्यासारखें दिसतें तेथें मोठा धोंडा, आणि शेवाळाच्या दोन पट्ट्यांमधल्या स्वच्छ वाटेंत मासा येणार, असा एकेक धडा होतो. मग उकडलेलें भांगेचें बीं त्या वाटेंत टाकलें जातें, पण गळ मात्र नाहीं. मासे येऊन निर्धास्तपणें खाऊन जावेत, पुन्हा यावेत, आणि मगच गळ पडावा, असा वाटाड्याचा नेम.

दरम्यान पावाच्या तुकड्यावर एक चब सांपडतो. पाहुणा हर्षभरित होतो. पण बार्बेल कोठें? दुपार जाते, चहा होतो, आमिष दोनदां बदललें जातें. पाहुण्याला वाटूं लागतें कीं दिवस फुकट गेला. वाटाड्या एवढेंच म्हणतो, “ऊन उतरूं द्या.”

आणि ऊन उतरतां उतरतां काठीचें टोंक एकाएकीं पाण्याकडे ओढलें जातें. बार्बेलचा ओढा असा असतो कीं काठी जपून धरली नाहीं तर ती नदींत जावयाची. तो वर उडी मारीत नाहीं. तळाशीं चिकटून धारेच्या आधारानें झगडतो. बऱ्याच वेळानें तो जाळ्यांत येतो. सोनेरी तपकिरी अंग, तांबूस पर, असा आठ-नऊ पौंडांचा मासा! पाहुण्याची पहिली मागणी छायाचित्राची. वाटाड्या मान हलवितो. “तो दमेपर्यंत लढला आहे. पाणी कोमट असलें कीं त्यांत प्राणवायु कमी असतो. अगोदर त्याला श्वास घेऊं द्या.”

मासा जाळ्यांतच कुशीवर कलतो. पाहुण्याचा चेहरा उतरतो. वाटाड्या त्याला गुडघाभर पाण्यांत उतरवितो आणि माशाचें तोंड धारेकडे करून दोन्ही हातांनीं सरळ धरावयास सांगतो. पांच मिनिटें जातात, दहा जातात. कल्ले मंदपणें हलतात. अंधारूं लागतें, पाय गारठतात, पण हात सोडवत नाहीं. अखेर शेपटीचा एक झटका बसतो आणि तळहात रिकामे होतात. छायाचित्र राहिलें तें राहिलेंच. परंतु कांठावर चढतांना पाहुणा म्हणतो, “सकाळीं मासा हवा होता, आतां तो गेला याचाच आनंद वाटतो.” वाटाड्याची खरी शिकवण ती हीच.

मात्र हातांतून सुटलेला मासा जेथें जातो ती नदी तरी निरोगी आहे काय? वायच्या खोऱ्यांत कोंबड्यांचे प्रचंड कारखाने झाले. त्यांचें खत शेतांतून पावसाबरोबर नदींत उतरतें. त्यांतील स्फुरदानें पाणी हिरवें होतें, सूर्यप्रकाश अडतो, आणि माशांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती मरतात. २०२३ सालीं तेथील सरकारी संस्थेनें या नदीची स्थिति खालावत चालल्याचें जाहीर केलें. मासा सोडणारा हात एकट्यानें नदी वांचवूं शकत नाहीं.

ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देण्यासारखी नाहीं. महाराष्ट्रांतील महसीर हा बार्बेलचाच आप्त. पूर्वीचे शास्त्रज्ञ त्याला त्याच वर्गांत घालीत. त्यांतील ‘खुद्री’ जातीचें पहिलें शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यानें १८३९ सालीं केलें, तें पुण्याच्या पूर्वेस मुळामुठेंत मिळालेल्या माशावरून! त्या नदीची आजची अवस्था पुणेकरांना सांगावयास नको. तरी महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड येथें देवीच्या नांवानें लोकांनीं महसीर राखले आहेत, आणि लोणावळ्यास टाटांच्या केंद्रांत १९७० च्या दशकापासून त्यांचीं पिलें वाढविलीं जातात.

वायकांठचा वाटाड्या कायद्यानें व अनुभवानें जें शिकवितो, तें वाळणकोंडच्या ग्रामस्थांनीं श्रद्धेनें साधलें. मार्ग दोन, पण धडा एकच: ज्याला नदीपासून कांहीं हवें असेल, त्यानें अगोदर तिला श्वास घेऊं द्यावा.