वाढते वय, रक्तदाब आणि रोहिण्यांचे आरोग्य



रक्तदाबाविषयी एक हिशेब खेडोपाडी आणि शहरांतही पुष्कळ वर्षे सांगितला जात आहे. वयात शंभर मिळवावेत आणि येणारा आकडा हा त्या माणसाचा योग्य रक्तदाब समजावा, असा तो हिशेब होय. त्यानुसार साठ वर्षांच्या गृहस्थाचा रक्तदाब १६० असला तर त्यात वावगे काही नाही; ते वयोमानच आहे, असे घरची मंडळी म्हणतात आणि गोळ्यांची पुडी फळीवर पडून राहते. एके काळी अनेक डॉक्टरही हाच हिशेब मानीत असत. आज मात्र तो चुकीचा ठरला आहे. तो का चुकीचा ठरला, हे समजण्यासाठी रक्तवाहिन्यांचे कार्य कसे चालते आणि वय व रक्तदाब यांचा त्यांवर काय परिणाम होतो, हे पाहणे आवश्यक आहे.

रोहिणी म्हणजे केवळ नळी नव्हे

हृदयापासून शरीराकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिण्या म्हणतात. हृदय रक्त सलग ढकलीत नाही. ते मिनिटाला सुमारे ७० ठोक्यांनी, प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर याप्रमाणे ढकलते. असे असूनही सूक्ष्म केशवाहिन्यांत रक्त जवळजवळ संथपणे वाहते. हे साधते ते महारोहिणीच्या लवचिकपणामुळे. ठोक्यासरशी ती फुगते, आलेल्या रक्तापैकी बराचसा भाग क्षणभर आपल्यात सामावून घेते आणि हृदय विसावले असता आकसून तो पुढे सोडते.

इंग्लंडमधील धर्मोपदेशक व संशोधक स्टीफन हेल्स यांनी १७३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घोडीच्या रोहिणीत नळी बसवून केलेल्या रक्तदाबाच्या मापनाचे वर्णन आहे. त्या नळीत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढले होते. हेल्स यांनी रोहिण्यांच्या या कार्याची तुलना त्या काळच्या आग विझविण्याच्या बंबाशी केली. बंबाचा दांडा माणसे खालीवर हलवीत आणि पाणी थांबून थांबून येई. परंतु मधल्या हवेच्या कोठीमुळे ते बाहेर मात्र अखंड धारेने पडे. महारोहिणी हीच शरीरातील ती कोठी होय.

वयोमानाने होणारा बदल

रोहिणीच्या भिंतीला लवचिकपणा देणारे इलॅस्टिन नावाचे तंतू मुख्यतः जन्मापूर्वी आणि बालपणी तयार होतात. पुढे त्यांची नव्याने भर जवळजवळ पडत नाही. दिवसाला सुमारे एक लाख ठोके, म्हणजे वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत दोनशे कोटींहून अधिक वेळा ताणले गेल्यावर हे तंतू झिजतात व तुटतात. त्यांची जागा कोलॅजेन नावाचे चिवट पण कमी ताणले जाणारे तंतू घेतात. भिंतीत कॅल्शियमचे क्षारही साचू लागतात. परिणामी महारोहिणी रुंद, जाड आणि ताठर होते.

ताठर नळीतून दाबाची लहर वेगाने जाते. तरुणपणी महारोहिणीतून ही लहर सेकंदाला साधारण ५ ते ६ मीटर वेगाने जाते. उतारवयात हा वेग १० मीटर किंवा त्याहूनही अधिक होतो. ठोक्याचे रक्त सामावून घेण्याची शक्ती घटल्याने रक्तदाबाचा वरचा आकडा वाढतो. विसाव्याच्या क्षणी मागून रेटा देणारे साठवलेले रक्त कमी पडल्याने खालचा आकडा उतरतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी १९४८ पासून चाललेल्या पाहणीत हेच आढळून आले. तेथे खालचा आकडा पन्नाशीच्या सुमारापर्यंत वाढून पुढे उतरू लागतो, वरचा मात्र वाढतच राहतो, असे दिसले. म्हणून वृद्ध माणसाच्या बाबतीत “खालचा ठीक आहे ना, मग झाले” हे समाधान खोटे असते. दोन आकड्यांतील अंतर वाढणे, हेच रोहिण्या ताठर झाल्याचे लक्षण होय.

रक्तदाबाचा आघात

वयाने हळूहळू होणारी ही झीज वाढलेला रक्तदाब लवकर घडवून आणतो. सतत अधिक दाब सोसावा लागल्याने रोहिण्यांच्या भिंती जाड होतात. लहान रोहिण्यांत ही जाडी आतील पोकळीवर अतिक्रमण करते. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाहाला होणारा विरोध दुप्पट नव्हे, तर सोळापट होतो. म्हणून पोकळी थोडीशी जरी आक्रसली तरी दाब आणखी वाढतो. वाढलेला दाब रोहिणीला ताठर करतो आणि ताठर रोहिणी दाब वाढविते, असे हे दुष्टचक्र आहे.

मेंदू आणि मूत्रपिंड या अवयवांना सतत व भरपूर रक्त लागते आणि त्यांच्या वाहिन्या त्यासाठी मोकळ्या असतात. मोठ्या रोहिणीने न शोषलेला ठोक्याचा धक्का म्हणूनच त्यांच्या नाजूक वाहिन्यांपर्यंत जाऊन पोहोचतो. अर्धांगवायू, स्मरणशक्तीचा ऱ्हास, मूत्रपिंडाचा विकार आणि दृष्टिदोष यांचे मूळ येथे आहे. अधिक दाबाविरुद्ध काम करावे लागल्याने हृदयाचा स्नायूही जाड होतो व कालांतराने थकतो. हे सर्व बहुधा निमूटपणे घडते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून रक्तदाब नाही, असे मानणे धोक्याचे आहे.

आतील अस्तराचे महत्त्व

रक्तवाहिनीच्या आत पेशींच्या एकाच थराचे पातळ अस्तर असते. ते निव्वळ आच्छादन आहे, असा पूर्वी समज होता. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट व त्यांचे सहकारी यांनी सशाच्या महारोहिणीवर प्रयोग करून दाखविले की, अस्तर शाबूत असलेली रोहिणी ॲसेटिलकोलीन या द्रव्याने सैल पडते. अस्तर घासून काढले तर ती सैल पडत नाही. अस्तरातून निघणारे हे सैल करणारे द्रव्य नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ साली फर्चगॉट, लुई इग्नॅरो व फेरिड म्युराड यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हा वायू वाहिन्या सैल ठेवतो आणि रक्तातील बिंबिकांना भिंतीला चिकटू देत नाही. वय वाढले की त्याचा पुरवठा घटतो. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखूचा धूर यांमुळे तो तरुणपणीच घटू शकतो. उलट, नियमित चालणे व अंगमेहनत यांमुळे अस्तराचे हे कार्य सुधारते. चढत्या वयातही रोहिण्यांच्या स्थितीत काही अंशी सुधारणा शक्य आहे, ही यातील आशेची बाब होय.

जुना हिशेब कोठे चुकला

वयाबरोबर रक्तदाब वाढणे सर्वत्र अटळ असते, तर त्याला अपवाद आढळला नसता. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या ५२ केंद्रांतील पाहणीत ब्राझीलच्या अरण्यातील यानोमामी लोकांचा समावेश होता. हे लोक आहारात मीठ जवळजवळ घेत नाहीत. त्यांचा सरासरी रक्तदाब सुमारे ९५ व ६१ एवढा भरला आणि तो वयाबरोबर वाढत असल्याचे दिसले नाही. त्यांचे सारे जीवनच निराळे आहे हे खरे. तथापि वयोमान म्हणून जे खपविले जाते, त्यातील मोठा वाटा राहणीचा आहे, हे यावरून दिसून येते.

दुसरा पुरावा उपचारांचा आहे. फक्त वरचा आकडा वाढलेल्या, साठ वर्षे व त्यापुढील ४,७३६ व्यक्तींवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. लघवीवाटे क्षार व पाणी बाहेर टाकणाऱ्या स्वस्त औषधाने सुरू केलेल्या उपचारांमुळे पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. २००८ साली ऐंशी वर्षे व त्यापुढील ३,८४५ व्यक्तींच्या चाचणीत उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले. ऐंशी वर्षांच्या माणसालाही उपचारांचा लाभ होतो, तर साठीच्या माणसाला वयाचे कारण सांगून उपचारांवाचून ठेवणे समर्थनीय नाही.

मापन आणि उपचार

रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू वा श्रम नसावेत. दंड हृदयाच्या पातळीवर असावा, पट्टा दंडाच्या मापाचा असावा आणि मोजणी चालू असता बोलू नये. निरनिराळ्या दिवशीच्या मोजणीत १४० व ९० यांपैकी कोणताही आकडा गाठला वा ओलांडला गेला, तर उच्च रक्तदाब समजतात. वृद्धांचा रक्तदाब उभे राहिल्यावरही मोजावा; कारण ताठर रोहिण्यांमुळे उभे राहताच तो एकदम उतरून पडण्याचा संभव असतो. अशक्त वृद्धांना औषध किती द्यावे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. मात्र दाब आटोक्यात आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो आटोक्यात राहतो तो त्या गोळीमुळेच.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आत मीठ सुचविले आहे. लोणचे, पापड, फरसाण आणि खारवलेली मासळी यांतील मीठही या हिशेबात धरले पाहिजे.

गावाची जबाबदारी

३० वर्षे व त्यावरील प्रत्येक स्त्री-पुरुषाच्या रक्तदाबाची तपासणी उपकेंद्राच्या पातळीवर करण्याची सोय राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. रक्तदाब नियंत्रणाचा जो विशेष उपक्रम देशात २०१७ साली हाती घेण्यात आला, त्यातील पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. ठरावीक उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा ही त्याची मुख्य सूत्रे होत.

यातील पाठपुरावा केवळ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बळावर होणे कठीण आहे. ग्रामसभेच्या दिवशी तपासणीची व्यवस्था करणे, गोळ्या संपल्या असता उपकेंद्राकडे विचारणा करणे, ही कामे पंचायत सदस्यांना सहज करता येतील. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून आजी-आजोबांच्या तपासणीची नोंद घरोघरी ठेवविली, तर तो आरोग्यशिक्षणाचा उत्तम पाठ ठरेल. कचेऱ्यांतील अधिकाऱ्यांनी आपल्या सहकाऱ्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी घडवून आणावी. वय कोणालाही थांबविता येत नाही. परंतु ‘वय अधिक शंभर’ हा हिशेब आपल्या गावातून हद्दपार करणे पूर्णपणे गावकऱ्यांच्या हाती आहे. तसे झाले तर अंथरुणाला खिळण्यापासून अनेक वडीलधारी माणसे वाचतील.