एका पाटीची दुसरी बाजू

१९६१ पूर्वी गोव्यातल्या कितीतरी मराठी शाळा देवळाच्या मंडपात नाहीतर भाटकाराच्या ओसरीवर भरत. मराठी तिथं टिकली, हे आपण अभिमानानं सांगतो. त्या मंडपाची पायरी चढायची मुभा ज्यांना नव्हती त्यांची मुलं कुठं शिकली, हे मात्र फारसं बोलत नाही.

पुढं भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगावी प्राथमिक शाळा काढल्या. मी मुंडकाराचा मुलगा. पहिलीत भाटकाराच्या नातवाशेजारी चटईवर बसलो. त्याची पाटी फुटली तेव्हा माझ्या पाटीच्या मागल्या बाजूवर त्यानं बेरजा केल्या. (चुकीच्याच!)

पट घटला म्हणून ती शाळा आज बंद आहे. आम्हा दोघांची नातवंडं वेगवेगळ्या बसमधून वेगवेगळ्या शाळांत जातात. एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नाहीत.