मुखवटा आणि कूस

बीड जिल्ह्यांतील लिंबागणेश येथें चंद्रानें शापमुक्तीसाठीं गणेशाची उपासना केली, अशी आख्यायिका आहे. रात्रीच्या राजालाही तप चुकलें नाहीं. मग झोपेंत ज्याचा श्वास वारंवार अडतो, त्यास थोडी साधना करावी लागली तर नवल काय?

अशा रोग्याचा घसा निजेंत मिटतो. १९८१ सालीं सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं ‘लॅन्सेट’मध्यें उपाय प्रसिद्ध केला: नाकावाटे सतत दाबाची हवा सोडून वाट उघडी ठेवणें. हेंच ‘सीपॅप’. उपाय गुणकारी, परंतु कित्येकजण मुखवटा मध्यरात्रीं काढून ठेवितात, कारण कूस बदलतांच तो सरकतो आणि हवा डोळ्यांवर येते.

उताणें निजल्यास मुखवटा जागचा हलत नाहीं, पण जीभ मागें पडून घसा अधिक मिटतो. म्हणून बहुतेकांस कूसच हितकर. गाल उशीच्या काठावर टेकावा, म्हणजे मुखवटा काठाबाहेर मोकळा राहतो. नळी डोक्यावरून आणावी. ती अंगाखालीं दबत नाहीं. पट्टे निजल्यावर, यंत्र चालू असतां, बेतानेंच आवळावे. फार आवळल्यास गळती उलट वाढूं शकते. दिवसा घटकाभर मुखवटा लावून वाचीत बसल्यास सवयही होते.

ज्या घरीं हा विकार असतो, तेथें शेजारची सहधर्मचारिणी रात्रभर पतीचा श्वास मोजीत जागते. तिला निश्चिंत झोप लागली, म्हणजे साधना फळास आली.