फोन कुणाचा होता?

(क्युपर्टिनो येथील कार्यक्रमात केलेले भाषण)

जेवणाचा वास मलाही येतोय, तेव्हा थोडक्यात आटपतो. मालवाहू ट्रकचे ताफे सुरक्षित कसे चालतील हे बघणं माझं काम.

आपल्या २८० वर ट्रक ताशी ५५ मैलांनी चाललाय असं धरा. ड्रायव्हरने मेसेज वाचायला पाच सेकंद मान खाली घातली, की ट्रक ४०० फूट आंधळा गेला.

मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक बस चालवताना मोबाईलवर क्रिकेटची मॅच बघताना सापडला. प्रवाशाने व्हिडिओ काढून परिवहनमंत्र्यांना पाठवला. चालकाची नोकरी गेली; त्याला नेमणाऱ्या खाजगी कंपनीला पाच हजार रुपये दंड झाला. कंपनीलाही धरलं हे चांगलंच, रक्कम मात्र... जाऊ द्या!

इकडे जानेवारी २०१२ पासून ट्रक आणि बसचालकांना हातात फोन धरायला केंद्रीय नियमानेच बंदी आहे, सिग्नलला उभे असले तरीही. नियम आला तेव्हा चालकाला २,७५० डॉलरपर्यंत दंड होता, आणि त्याला तसं करू देणाऱ्या कंपनीला ११,००० पर्यंत. हे प्रमाण मला पटतं. कारण "कुठे पोचलास? माल कधी उतरणार?" हा फोन बहुतेक वेळा ऑफिसातूनच जातो, आणि साहेबांचा फोन न उचलण्याची ड्रायव्हरची काय बिशाद! ट्रक कुठे आहे ते जीपीएसवर दिसतं. मग चालत्या गाडीत फोन कशाला? ठरलेल्या थांब्यावर बोला ना. हल्ली केबिनमध्ये कॅमेरे बसवतात. जरूर बसवा, पण आधी ऑफिसच्या फोनची यादी तपासा.

हे फक्त ट्रकवाल्यांचं नाही हो. मार्च २०१८ मध्ये माउंटन व्ह्यूला, १०१ आणि ८५ जिथे फुटतात तिथे, ॲपलचा एक इंजिनियर कामावर जाताना टेस्लाच्या अपघातात गेला. ऑटोपायलट चालू होता, आणि फोनवर गेम. फोन कंपनीने दिलेला. २०२० मध्ये एनटीएसबीने ऑटोपायलटच्या त्रुटींवर बोट ठेवलंच, पण गाडी चालवताना फोन वापरण्याबद्दल ॲपलचा कर्मचाऱ्यांसाठी काही नियमच नाही, हेही नोंदवलं. तो करा असं सुचवलं.

इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी कुणाचे ना कुणाचे मॅनेजर आहेत. सोमवारी मीटिंगमध्ये कुणी "मी ड्राइव्ह करतोय, पण ऐकतोय" म्हणालं, तर तुम्हीच त्याचा कॉल बंद करा.

बाकीचे प्रश्न जेवताना विचारा.