पिशवी काढल्यानंतरचा सव्वा महिना

गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे घरोघरी जिला 'पिशवीचे ऑपरेशन' म्हणतात ती, साधारणपणे तास-दोन तासांत पार पडते. तिच्यानंतर शरीर पूर्ववत व्हायला मात्र सहा ते आठ आठवडे लागतात आणि मनाला किती लागतील याचा हिशेब आधी मांडता येत नाही. मराठी घरांत बाळंतिणीच्या विश्रांतीची मुदत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. सव्वा महिना तिने जड उचलायचे नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, तिच्यासाठी डिंकाचे आणि आळिवाचे लाडू वळायचे, तिचे अंग रगडून शेक द्यायचा, आणि शक्यतो हे सगळे माहेरी व्हायचे, अशी ही रीत आहे. तिच्यातील काही भाग आज वैद्यकाला मान्य नसला तरी या बाईच्या शरीराला आता वेळ हवा, ही तिच्या मुळाशी असलेली समज योग्यच आहे. पिशवी काढलेल्या बाईसाठी मात्र अशी कोणतीही रीत नाही. तिच्यासाठी कोणी लाडू वळत नाही, तिचे माहेर बहुधा तोवर भावजयीच्या हाती गेलेले असते, आणि आठव्या-दहाव्या दिवशी टाके निघाले की ती बरी झाली असे घर धरून चालते. वैद्यकशास्त्र तिच्यासाठी जी मुदत मागते ती जवळजवळ बाळंतिणीएवढीच आहे, ही गोष्ट अजून घराघरांत पोहोचलेली नाही.

बरे होण्याचा विचार करताना आधी विचारायला हवे ते नेमके काय काढले हे, कारण 'पिशवी काढली' एवढ्या बोलण्यात निरनिराळ्या शस्त्रक्रिया सामावलेल्या असतात. गर्भाशय आणि त्याचा योनिमार्गात उतरणारा खालचा भाग, म्हणजे गर्भाशयमुख, ही दोन्ही काढली तर ती संपूर्ण शस्त्रक्रिया होते; गर्भाशयमुख जागेवर ठेवले तर ती आंशिक होते, आणि अशा स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना असणारी अंडाशये, म्हणजे स्त्रीबीजे आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करणारे अवयव, त्याच वेळी काढली गेली असतील तर गोष्ट आणखी वेगळी होते. गावाकडे कित्येक स्त्रियांना आपली अंडाशये राहिली की गेली हे वर्षानुवर्षे माहीत नसते. डिस्चार्ज कार्डावर ते इंग्रजीत लिहिलेले असते, ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी जाते, आणि पुढे हाडे दुखू लागल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अंदाजाने चालावे लागते. हा तपशील मराठीत समजावून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि तो मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रिया ओटीपोटावर छेद घेऊन, योनिमार्गातून किंवा दुर्बिणीतून केली जाते. पोटावर छेद असेल तर तीन ते पाच दिवस रुग्णालयात राहावे लागते आणि इतर दोन पद्धतींत बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाता येते. परंतु बाहेरची जखम लहान दिसली म्हणून आतली लहान असते असे नाही, कारण गर्भाशयमुख निघाल्यावर योनिमार्गाचे वरचे टोक शिवून बंद केलेले असते, आणि ती न दिसणारी शिवण भरून येईपर्यंत पोटावर ताण पडता कामा नये. म्हणूनच पाण्याने भरलेली कळशी, ओल्या चादरींची बादली, गॅसचे सिलिंडर, कडेवर येऊ पाहणारे नातवंड, यांतले काहीही सहा आठवडे उचलायचे नसते. अंथरुणावरून सरळ उठून न बसता गुडघे दुमडून कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि कोपराच्या रेट्याने उठावे. खोकला किंवा शिंक येईल तेव्हा घडी घातलेले मऊ लुगडे किंवा लहान उशी पोटावर दाबून धरावी, म्हणजे टाक्यांवर ओढ बसत नाही. विश्रांती म्हणजे निजून राहणे मात्र नव्हे. दुसऱ्या दिवसापासून थोडे थोडे चालणे आवश्यक असते, कारण एका जागी पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. वेदनाशामक गोळ्यांनी मलावरोध होतो आणि शौचाला जोर करणे हाही ताणच असल्यामुळे भरपूर पाणी, पालेभाज्या, फळे आणि लागल्यास डॉक्टरांनी दिलेले सारक औषध घ्यावे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते आवळण्याचा आणि सैल सोडण्याचा व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावा, कारण मूत्राशयाला खालून आधार देण्याचे काम तेच स्नायू करतात.

काही आठवडे तपकिरी किंवा किंचित रक्तमिश्रित स्राव होत राहतो, त्यात घाबरण्यासारखे नसते. ताप येणे, ताजे लाल रक्त भरभरून जाणे, स्रावाला दुर्गंधी येणे, लघवी आपोआप गळत राहणे किंवा अडणे, एका पोटरीला सूज येऊन ती दुखणे, आणि एकाएकी धाप लागणे, ही मात्र तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. याखेरीज जो थकवा येतो त्याची दखल घरात क्वचितच घेतली जाते. शस्त्रक्रियेपूर्वी महिनोन्‌महिने अंगावरून जात असल्याने मुळातच रक्त कमी झालेले असते, आणि ही तूट भरून निघेपर्यंत दुपारी एकाएकी अंगातले त्राण गेल्यासारखे वाटते. त्याला आळस म्हणणे हा त्या बाईवर अन्याय आहे.

हा विश्रांतीचा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत कठोर रूपाने कोठे उभा राहिला असेल, तर तो बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांपुढे. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे जिल्ह्यातील जे सर्वेक्षण आले, त्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. यांतल्या अनेकींची तक्रार पांढरे जाण्याची, ओटीपोट दुखण्याची किंवा पाळीत जास्त रक्त जाण्याची होती. अशा तक्रारींवर पुष्कळदा औषधांनी इलाज होतो, परंतु 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती दाखवली गेली की तिशीतली बाई शस्त्रक्रियेला तयार होते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेतलेली असते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. अशा व्यवस्थेत टाके ओले असतानाच बाई फडात उतरते आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवरून वर चढते. तिला विश्रांतीचा सल्ला मिळालेला नसतो असे नाही. तो पाळण्याची ऐपत तिच्यापाशी नसते. पुढे आयुष्यभर सोबत करणारी कंबरदुखी आणि ओटीपोटाचा जडपणा यांचे खापर केवळ शस्त्रक्रियेवर फोडून चालणार नाही, ते तिच्यानंतर नाकारल्या गेलेल्या आठवड्यांवरही फोडले पाहिजे.

वयाचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत, पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील ज्या भारतीय स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले, त्यांचे शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय ३४ वर्षे होते, म्हणजे त्यांपैकी निम्म्या स्त्रिया तेव्हा याहूनही लहान होत्या. या वयात अंडाशयेही काढली गेली तर रजोनिवृत्ती, म्हणजे पाळी आणि तिच्यामागची संप्रेरके कायमची थांबण्याची अवस्था, हळूहळू न येता एका दिवसात येते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने झोप मोडते, योनिमार्ग कोरडा पडतो, चिडचीड होते. ही दिसणारी लक्षणे झाली. न दिसणारी हानी अधिक मोठी असते, कारण इस्ट्रोजेनच्या अभावी हाडे वेळेआधी ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच कर्करोगासारखी अडचण नसेल तर तरुण स्त्रीला नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत बाहेरून संप्रेरक देण्याचा विचार केला जातो, आणि तो डॉक्टरांशी बोलूनच करायचा असतो. अंडाशये शाबूत ठेवली तरी काही स्त्रियांत ती अपेक्षेपेक्षा काही वर्षे आधी थंडावतात, आणि पाळी आधीच बंद झालेली असल्यामुळे हे कळायला उशीर होतो.

मनाच्या सावरण्याला एकच एक वाट नसते. वर्षानुवर्षे रक्तस्राव आणि वेदना सोसलेल्या स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर मोकळे झाल्यासारखे वाटते, आणि अशा स्त्रियांचे औदासीन्य बहुधा कमीच होते. तिच्याकडून रडण्याची अपेक्षा करणे चुकीचे आहे. याउलट जिला मूल हवे होते, जिची शस्त्रक्रिया प्रसूतीतील रक्तस्राव थांबवण्यासाठी अचानक करावी लागली, जिला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे किंवा जिला निर्णयात विचारलेच गेले नाही, तिचे दुःख खोल जाऊ शकते. कित्येक रुग्णालयांत काढलेली पिशवी ट्रेमध्ये ठेवून दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याला, सासूला किंवा भावाला दाखवण्याची पद्धत आहे. त्या वेळी ती बाई आत भुलीच्या अमलाखाली असते. तिच्या शरीराचा भाग घरातल्या सगळ्यांनी पाहिलेला असतो आणि तिने एकटीने पाहिलेला नसतो. पुढे घरात त्याची चर्चा होते, केवढी गाठ होती हे हाताने दाखवले जाते, पण तुला काय वाटते हे तिला कोणी विचारत नाही. 'आता मुले झाली, पिशवीचे काय काम?' हे वाक्य धीर देण्यासाठी बोलले जात असले तरी शोक करण्याची वाटच ते बंद करते. झोप-भूक उडणे आणि कशातच रस न उरणे अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली तर तो उपचाराचा विषय समजावा. केंद्र शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

पतीपत्नींच्या संबंधांविषयी घरात कोणी बोलत नाही, म्हणून अफवा पसरतात. पिशवी गेली की बाईपण गेले, पोटात पोकळी राहते, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्या जागेत आतडी आपोआप सरकून बसतात आणि पोकळी राहत नाही. शरीरसंबंध सहा आठवड्यांनंतर, आतली शिवण भरल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर, पुन्हा सुरू करता येतात, आणि बहुसंख्य स्त्रियांना त्यात पुढे अडचण येत नाही. कोरडेपणावर औषध आहे. पतीला शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांसमोर बसवून हे सांगितले गेले, तर नंतरचे पुष्कळ गैरसमज टळतात.

कायद्यानेही या स्त्रीकडे घराइतकेच दुर्लक्ष केले आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि नसबंदीनंतर दोन आठवड्यांची भरपगारी रजा देऊ केली, परंतु गर्भाशय काढण्याचा त्यात उल्लेखच नव्हता. आणि फडावरची ऊसतोड बाई तर अशा रजेच्या कक्षेत प्रत्यक्षात कधी आलीच नाही. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालणाऱ्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला, हे योग्यच झाले. ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे किंवा खरोखरच गरजेची आहे, त्यांच्यासाठी सहा आठवडे खाडा न लावण्याची आणि त्या काळाची मजुरी देण्याची जबाबदारी कारखाना, मुकादम आणि शासन यांनी मिळून उचलली पाहिजे, आणि ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी पुढच्या हंगामाचे करार होण्याआधीच लावून धरावी.